चमचा माघारी डब्यात नको

एप्रिल-मे महिन्यात लोहाऱ्यातून चालत गेलात तर एक गोष्ट लगेच कळते. अख्खं गाव शिंकत असतं. मिरची कांडपाचं यंत्र सकाळपासून सुरू असतं आणि बाहेर डब्यांची रांग लागलेली असते. धने, जिरे, तीळ, खोबरं, दगडफूल, बाद्यान, लवंग, दालचिनी असं सगळं घरून भाजून आणलेलं. काळं तिखट प्रत्येकीचं वेगळं, आणि आपलंच खरं, असं प्रत्येकीचं म्हणणं. यंत्र मात्र एकच. एकीचं कांडून झालं की त्यातच दुसरीचं पडतं. आधीच्या मसाल्यातलं चिमूटभर कुठेतरी अडकून राहिलेलं असतं, ते पुढच्या डब्यात जातं. माझ्या आधी कुणाचा डबा होता, हे तिथं कुणी विचारत नाही.

वर्षभर हेच तिखट गावात शिजत राहतं. एका घरी वांग्यात, दुसऱ्या घरी येसराच्या आमटीत, तिसऱ्या घरी मटणात. मटण म्हणजे शेळीचं. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी इथल्या काळ्या शेळीची जात अजून ‘उस्मानाबादी’च आहे, आणि तिचं मटण खातो हे सांगायला कुणी लाजत नाही. गावाच्या कडेला काही घरं डुकराचं मटण खातात. तिथंही तेच तिखट. गल्लीतून जाणाऱ्याच्या नाकापर्यंत पहिल्यांदा पोहोचतो तो भाजलेल्या मिरचीचा आणि दगडफुलाचा वास. पातेल्यात काय आहे हे बहुतेक वेळा नाकाला कळत नाही. ते कुणीतरी सांगितलेलं असतं. मग नाक मुरडलं जातं.

मला या नाक मुरडण्याबद्दल लिहायचं आहे. शेजाऱ्याच्या किळसेचं आपण काय देणं लागतो? काहीच नाही? की थोडं? थोडं असेल तर किती?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका मसाल्यामुळे. डुकराच्या बरगड्यांना कोरडा मसाला चोळून त्या तासन्‌तास धुरावर शिजवायच्या, हा अमेरिकेतला प्रकार. व्हिडिओंमध्ये त्या मसाल्याला ‘ड्राय रब’ म्हणतात. तिकडे त्यात बहुधा लाल मिरचीची पूड, मिरी, लसणाची पूड, मीठ आणि ब्राऊन शुगर असते. ते बघताना मला वाटलं, यातलं बरंचसं आपल्या काळ्या तिखटात आधीच आहे. साखरेच्या जागी गूळ चालेल. आणि आपल्याकडे दगडफूल आहे, जे त्यांच्याकडे नाही. दगडफूल हे फूल नसून दगडावर किंवा झाडाच्या सालीवर वाढणारं शेवाळासारखं काहीतरी असतं, विज्ञानात त्याला लायकेन म्हणतात. कच्चं असताना त्याला फारसा वास नसतो. गरम झालं की मात्र मातीचा आणि धुराचा मिळून एक वास सुटतो. धुरावर शिजणाऱ्या मांसासाठी याहून चांगलं काय?

पण तयार काळं तिखट तसंच चोळून चालत नाही. त्यात खोबरं आणि तळलेला कांदा असतो. खोबऱ्याला तेल सुटतं, गोळे होतात, आणि लांबच्या आचेवर कांदा करपून कडू होतो. म्हणजे हे दोन्ही पडायच्या आधीचा कोरडा भाग हवा. एक किलो बरगड्यांना मी धरलेलं प्रमाण असं: कोरडं काळं तिखट दोन मोठे चमचे, गुळाची पूड एक मोठा चमचा, जाडसर मिरपूड एक छोटा चमचा, सुंठ अर्धा छोटा चमचा, दगडफुलाची पूड चिमूटभर, आणि मीठ साधारण 15 ग्रॅम. बरगडीच्या हाडाच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, तो सोलून काढायचा. मीठ आदल्या रात्रीच चोळायचं, कारण आतपर्यंत मुरतं ते मीठच. बाकीचा मसाला कितीही चोळला तरी वरच राहतो, म्हणून तो सकाळी लावला तरी चालतो. मग 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या आचेवर पाचेक तास. जाळ थेट लागू द्यायचा नाही, नाहीतर गूळ जळतो. लाकडाचा प्रश्नच नव्हता. टेक्सासमध्ये मेस्किट नावाच्या ज्या लाकडाचा धूर नावाजला जातो, त्याच्याच कुळातली आपल्याकडची वेडी बाभूळ. लोहाऱ्याच्या शिवारात ती नको तितकी आहे.

अडचण होती ती मसाल्याच्या कोरड्या भागाची. तो आमच्या घरी आईच्या पातेल्यात होता, आणि आई डुकराचं मटण खात नाही. खात नाही म्हणजे तिला त्याचं नावही नको असतं.

मला तिला अंधारात ठेवायचं नव्हतं. कशाला हवाय ते मी सरळ सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने खोबरं मिसळायच्या आधीच एक डबी भरली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “ही घेऊन जा. कमी पडलं तर माग, अजून देते. पण तुझा चमचा माघारी ह्या डब्यात घालू नको बघ.”

मला वाटतं, शेजाऱ्याच्या किळसेचं आपण काय देणं लागतो या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या बोलण्यात आहे. तिने मसाला नाकारला नाही. माझ्या कष्टाचा मसाला अमुक गोष्टीला लावायचा नाही, असं ती म्हणू शकली असती. तसं ती म्हणाली नाही. एकदा दिलेली डबी माझी, तिचं मी काय करतो ते माझं. मोठा डबा मात्र सगळ्या घराचा. त्यातून तीही खाणार, पाहुणाही खाणार. तो असा राहिला पाहिजे की त्यातलं कुणालाही बिनधास्त खाता यावं. तिने घातलेली हद्द एवढीच होती.

शेतात हीच हद्द वेगळ्या रूपात आली. चौघांपैकी एक मित्र मुसलमान. लाकडं त्यानेच फोडली, चूलही त्यानेच लावली. त्याच्यासाठी चिकन होतं, आणि मसाला तोच हवा होता. मग मांसाला हात लागायच्या आधीच मसाला दोन वाट्यांत काढला. तीन दगड मांडून त्याची चूल वेगळी केली, कारण एकाच जाळीवर ठेवलं तर बरगडीची चरबी वितळून कुठे ठिबकेल ते सांगता येत नाही. या सगळ्याला दहा मिनिटं जास्तीची लागली. कुणी कुणावर उपकार केले असं वाटलं नाही. नंतर सगळे एकाच ताडपत्रीवर बसून जेवलो, भाकरी एकाच टोपल्यातली.

गंमत म्हणजे स्वयंपाकाचं शास्त्रही हेच सांगतं. कच्च्या मांसाला लागलेला हात मसाल्याच्या डब्यात घालायचा नाही, लागेल तेवढा मसाला आधीच बाजूला काढायचा, हा जगभरचा साधा नियम आहे. जंतू पसरू नयेत म्हणून. आईचा नियम आणि हा नियम, कारणं वेगळी पण कृती एकच.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. चमचा वेगळा, वाटी वेगळी, चूल वेगळी, ही भाषा आपल्याकडे निरागस नाही. याच भाषेत माणसांना पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं गेलं. गावातल्या हॉटेलात काही जणांचे कप वेगळे टांगलेले असत, ते त्यांनीच विसळायचे, ही फार जुनी गोष्ट नाही. मग आईच्या चमच्यात आणि त्या कपात फरक काय?

मी यावर बराच विचार केला. मला सापडलेला फरक असा. त्या हॉटेलात चहा एकच होता. एकाच किटलीतला, एकाच दुधाचा. वेगळा ठरवला होता तो पिणारा माणूस. आमच्या शेतात अन्न वेगळं होतं, माणसं एकाच ताडपत्रीवर होती. म्हणून वेगळं भांडं दिसलं की मी एकच गोष्ट तपासतो. माणसाने हात धुतले, ते अन्न बाजूला ठेवलं, तर त्याच्या शेजारी बसून जेवाल का? त्याच्या हातचं पाणी प्याल का? ‘हो’ असेल तर ती अन्नाबद्दलची आवड-नावड आहे. ‘नाही’ असेल तर अन्न हे निमित्त आहे, राग माणसावर आहे.

हे निमित्त कसं वापरलं जातं ते समजून घ्यायचं तर याच जिल्ह्यातल्या एका लेखकाचं पुस्तक वाचावं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आलं, आणि 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होतं, ते कसं टिकवत होते, कसं वाटून घेत होते, याची पाककृतींसह नोंद त्यात आहे. त्यातल्या चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या आणि लागतील तशा निखाऱ्यावर भाजायच्या. धुरावरच्या बरगड्या ज्यांना फार नवलाच्या वाटतात, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मांस, मीठ, ऊन आणि निखारा यांचं शास्त्र आपल्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या होतं. ते आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत नव्हतं, कारण पुस्तकं लिहिणाऱ्या घरांत ते शिजत नव्हतं. अमेरिकेतही काही वेगळं घडलेलं नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत रात्र-रात्र खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर मांस शिजवण्याचं काम मोठ्या प्रमाणात गुलाम केलेल्या काळ्या लोकांनी केलं. आज तीच चव महागड्या हॉटेलांत मिळते.

डुकराच्या बाबतीत एक खास मुद्दा हमखास येतो. “ते घाण खातं.” खरं आहे. पण ती घाण कुणाची? गावात मोकळं फिरणारं डुक्कर जे खातं ते आपणच उघड्यावर टाकलेलं असतं. आजाराची भीतीही खोटी नाही. डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, म्हणून ते नीट आतपर्यंत शिजलंच पाहिजे, आणि ते कुठून आणलं हे माहीत असायला हवं. पण याच कृमीमुळे मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार होतो, तो डुकराचं मांस खाऊन थेट होत नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. म्हणजे धोका शेजाऱ्याच्या पातेल्यात असतो त्यापेक्षा जास्त उघड्या गटारात असतो. पण गटाराला नाक मुरडून आपण पुढे जातो, आणि डुकरं पाळणाऱ्या माणसाला मात्र घाणेरडा ठरवतो.

असं असलं तरी किळस ही खोटी गोष्ट आहे, असं मी म्हणणार नाही. ती शिकवलेली असते, पण शिकवलेलं सगळंच खोटं नसतं. मातृभाषाही शिकवलेलीच असते. म्हणूनच एक प्रकार मला अजिबात पटत नाही: न सांगता खाऊ घालायचं आणि नंतर हसायचं. हॉस्टेलवर असले किस्से फुशारकीने सांगितले जातात. “खाल्लंस ना? आवडलं ना? मग आता?” मसाला इतका तेज असतो की हे सहज जमतं. पण यातून काही सिद्ध होत नाही. समोरच्याचा विचार बदलत नाही, फक्त त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो. ज्याच्या तोंडात घास जाणार आहे त्याला तो कशाचा आहे हे आधी कळलं पाहिजे. आपण आणि मोठ्याने.

हा हक्क खाणाऱ्याचा आहे. भिंतीपलीकडच्याचा नाही. शहरातल्या फ्लॅटच्या गोष्टीत नेमका इथेच घोळ होतो.

पुण्यात खोली शोधताना मला पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी हाच आला: “नॉनव्हेज करत नाही ना?” कधी आडनावाच्या आधी, कधी नंतर, आणि कधी आडनाव विचारण्याच्या ऐवजी. एका काकांनी तर समजुतीच्या सुरात सांगितलं, “बाहेर काय खाता ते तुमचं, आमचं काही म्हणणं नाही. फक्त घरात नको, वास येतो.” वास हा मुद्दा मी गंभीरपणे घ्यायला तयार आहे. धूर तर नक्कीच. बंद इमारतीत पाच तास बाभळीचा धूर करणं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दम्याच्या माणसावर अत्याचार. तो मी करणार नाही, मग धूर बरगड्यांचा असो की होमाचा. जिना, लिफ्ट, डक्ट, हवा हा आपला मोठा डबा. त्यात माझा चमचा नको. पण ज्या इमारतीत मिरचीच्या फोडणीने सगळ्यांना ठसका लागतो आणि कुणी काही म्हणत नाही, तिथे तोच मसाला मांसाला लागला की तो ‘वास’ होतो. तेव्हा तक्रार हवेबद्दल उरलेली नसते. माझ्या बंद झाकणाखाली काय आहे हे माहीत असण्याबद्दल असते. आणि जी गोष्ट फक्त माहीत असल्याने त्रास देते, ती मी बंद करावी असं म्हणणं म्हणजे माझी डबीसुद्धा मालकाची, असं म्हणणं.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने ‘ऑन लिबर्टी’ हे पुस्तक 1859 मध्ये लिहिलं. त्यात त्याने नेमकं डुकराच्या मांसाचंच उदाहरण घेतलं आहे. एखाद्या देशात बहुसंख्य लोकांना डुकराच्या मांसाची मनापासून किळस असेल, तर त्यांनी ते सगळ्यांनाच बंद करावं का? किळस खरी आहे हे तो मान्य करतो. तरीही माणसाच्या खासगी आवडीनिवडीत लोकांनी पडायचं कारण नाही, असं त्याचं उत्तर आहे. मिलने अनेक वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली होती, आणि इथेच तळटीपेत तो मुंबईच्या पारशांची गोष्ट सांगतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे पारशी पश्चिम भारतात आले तेव्हा हिंदू राजांनी त्यांना आसरा दिला, अट एकच, गोमांस खायचं नाही. पुढे मुसलमान राजवट आली, तिनेही राहू दिलं, अट एकच, डुकराचं मांस खायचं नाही. सुरुवातीला हुकूम म्हणून पाळलेली गोष्ट पुढे त्यांचा स्वभावच होऊन गेली.

ही तळटीप मी वाचली तेव्हा मला भाडेकरार आठवला. राहायला जागा हवी, मग ताटातलं एक काढा. पुढचा मालक येईल, तो दुसरं काढायला सांगेल. पारशांनी ते स्वीकारलं याला मी कमीपणा म्हणत नाही. आसरा मागणाऱ्याला पर्याय नसतो. पण म्हणूनच ती अट घालणाऱ्याकडे बघायला हवं.

याच्या उलट बाजूही आहे. 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आवाहन केलं. तेही ताटातलं काहीतरी काढायला सांगणंच होतं. पण ते आपल्याच माणसाने आपल्याच माणसांना, त्यांच्या मानासाठी सांगितलेलं होतं. शेजाऱ्याच्या नाकासाठी नव्हतं. आपण होऊन सोडणं आणि राहायला जागा मिळावी म्हणून सोडायला लागणं, या दोन्हींत ताट सारखंच दिसतं, म्हणून आपली फसगत होते.

सगळ्यांना चालेल असं जेवण असूच नये, असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे येळवस असते, दर्शवेळ अमावस्या. डिसेंबर-जानेवारीत सगळं गाव शेतात जातं. भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे. ओळखीचा असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. त्या दिवशीच्या जेवणात मांस नसतं आणि ते मला कधी खटकलं नाही. कारण तिथे आधी बोलावणं असतं, मग ताट. भाड्याच्या जाहिरातीत आधी ताट तपासलं जातं, बोलावणं त्यानंतर, जमलं तर.

यंदा खोलीची मुदत संपते आहे आणि मला पुन्हा तोच प्रश्न विचारला जाणार आहे. उत्तर मी ठरवून ठेवलं आहे. धूर करणार नाही. कचरा बांधून त्याच दिवशी खाली नेईन. कुणाला काही खायला दिलं तर कशाचं आहे ते आधी सांगेन. तुमच्या भांड्यांना माझा चमचा लागणार नाही. एवढं ऐकूनही नकार आला तर नकाराचं कारण वास नव्हतं, हे निदान दोघांनाही कळलेलं असेल. मग मी दुसरी खोली बघेन. डबीत अजून दोन वेळांपुरता मसाला आहे.